घोड्याच्या पायाची जखम मांस भरूनही का मिटत नाही?

घोड्याच्या पायावरची जखम लाल मांसानं भरू लागली की मालकाला हायसं वाटतं. 'मांस धरलंय, आता काळजी नाही,' असं चार जाणती माणसंही सांगतात. बैलाच्या खांद्यावर किंवा माणसाच्या पोटरीवर हे खरं आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली मात्र तेच मांस थोड्याच आठवड्यांत कातडीच्या वर येतं, गाठाळ होतं, जरासा धक्का लागला तरी भळाभळा रक्त येतं आणि जखम महिनोन्‌महिने उघडीच राहते. चिकोडी, रायबाग, अथणीकडं जत्रेच्या शर्यतीसाठी घोडा पाळणारे असोत की बेळगावात मिरवणुकीसाठी ठेवणारे, उसाच्या बांधावरच्या काटेरी तारेनं कापलेला असा एखादा पाय बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यावरचं निदानही ठरलेलं असतं: रक्त खराब आहे, नाहीतर नजर लागली. काळा दोरा बांधला जातो, कुणी जखमेत भंडारा भरतं. भंडारा कपाळाला लावावा, उघड्या मांसात नको. या दुखण्याचं कारण जखमेच्या आतच आहे, आणि ते समजलं की उपचारातल्या निम्म्या चुका टळतात.

घोड्याच्या पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मागं टोक आलेल्या सांध्याखाली (हॉक) स्नायू जवळजवळ नसतातच. कातडी, तिच्याखाली स्नायुरज्जू, अस्थिबंध आणि हाड, एवढंच. कातडी ताणलेली, रक्तपुरवठा बेताचा आणि प्रत्येक पावलागणिक हालचाल.

टाके न घालता उघडी राहिलेली जखम दोन प्रकारे मिटते. एक, कडा आत ओढल्या जातात, म्हणजे जखम आकसते. दोन, कडेच्या कातडीच्या पेशी मांसावरून सरकत मध्याकडे येतात. घोड्याच्या अंगावरची जखम मुख्यतः आकसूनच मिटते. पायावर आकसणं फारच कमी, उलट पहिल्या एक-दोन आठवड्यांत जखम रुंदावते. मग सगळा भार सरकणाऱ्या पेशींवर येतो, आणि त्यांचा वेग पायावर दिवसाला साधारण 0.09 मिलिमीटर असतो, अंगावर 0.2. चार सेंटिमीटर रुंदीची जखम धरली, तर दोन्ही कडांना 20-20 मिलिमीटर जायचं आहे. हिशेब सात महिन्यांच्या पुढं जातो. त्यात मांस वर आलेलं असेल तर पेशी कडेलाच थबकतात. सरीतलं पाणी वरंब्यावर चढत नाही, तसंच हे.

पण मांस थांबत का नाही? मला यातलं सगळ्यात विलक्षण उत्तर वाटतं ते नेदरलँड्समधल्या युट्रेख्त इथल्या संशोधनाचं. यासिंता विल्मिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये घोडे आणि पोनी यांच्या जखमांची तुलना प्रसिद्ध केली. पोनी म्हणजे तट्टाच्या अंगाचे लहान घोडे. सारख्याच जखमा पोनींमध्ये लवकर आणि नीट मिटल्या. फरक सुरुवातीलाच पडतो. जखम झाली की न्यूट्रोफिल आणि मागोमाग मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, जंतू आणि मेलेलं मांस साफ करतात. यालाच आपण दाह म्हणतो. पोनीमध्ये हा दाह जोरात येतो आणि लवकर ओसरतो. घोड्यात तो मंद सुरू होतो आणि आठवडेच्या आठवडे धुमसत राहतो.

धुमसणाऱ्या दाहातून टीजीएफ-बीटासारखे रासायनिक संदेश सुटत राहतात. ते नवं मांस बांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना सांगतात: वाढा, कोलॅजन (मांसाला घट्टपणा देणारं धाग्यासारखं प्रथिन) तयार करा. खरं तर ठरावीक वेळी या पेशींनी वाढ थांबवून मायोफायब्रोब्लास्ट व्हायचं असतं. इटलीत जन्मलेले शास्त्रज्ञ ज्युलिओ गॅबियानी यांच्या गटानं 1971 च्या सुमारास वर्णन केलेल्या या पेशींत स्नायूंसारखे ॲक्टिनचे धागे असतात. पृष्ठभागाला समांतर, एका ओळीत लागून त्या जखमेच्या कडा आत ओढतात. पोनीच्या जखमेत त्या अशा रांगेत सापडतात, घोड्याच्या जखमेत विस्कळीत. गंमत म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत घोड्याच्या आणि पोनीच्या पेशींची ओढायची ताकद सारखीच भरते. म्हणजे पेशीत खोट नाही, तिला मिळणाऱ्या संदेशांत आहे. त्यात आणखी एक भर पडते. घोड्याच्या पायावरच्या या मांसात केशवाहिन्या भरपूर असल्या तरी पुष्कळशा आतून बुजलेल्या असतात. ऑक्सिजन कमी पडतो, कमी ऑक्सिजनमुळे फायब्रोब्लास्ट आणखी कोलॅजन करतात, मांस आणखी वाढतं.

म्हणूनच मोरचूद किंवा चुना भरणं घातक. त्यानं वरचं मांस जळतं खरं, पण कडेची फिकट गुलाबी, कागदासारखी पातळ नवी कातडीही जळते आणि दाह पुन्हा पेटतो. जळकं ऑइल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांचंही तेच. 'आठवड्यात जखम गायब' म्हणणाऱ्या स्प्रेच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका, 0.09 चा आकडा कुठल्याही बाटलीनं इतका पळत नाही.

ताजी जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवावी, लिटरला नऊ ग्रॅम मीठ घालून. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी, कारण पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं नाही. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, तार धरणारा चिकट द्रव आला तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठावं, तो सांध्यातला असू शकतो. घोड्याला बांधून विश्रांती द्यावी आणि कापसाचा जाड थर देऊन पट्टी करावी. नुसतं कापड करकचून आवळलं तर आहे तो रक्तपुरवठाही जातो.

मांस कातडीच्या वर आलंच, तर ते पशुवैद्यानं ब्लेडनं सपाट कापायचं. त्यात मज्जातंतू नसल्यानं घोड्याला दुखत नाही, रक्त मात्र धो धो येतं. म्हणून काप खालून वर घेतात, वरून ओघळणाऱ्या रक्तानं पुढची जागा झाकली जाऊ नये. कडेच्या गुलाबी पट्टीला हात लावत नाहीत. वरून दाबाची पट्टी.

एवढं करूनही जखम हटून बसली तर आत मेलेल्या हाडाचा तुकडा आहे का, हे एक्स-रे काढून पाहावं. खानापूरसारख्या धो धो पावसाच्या भागात साचलेल्या पाण्यातून पिथियम नावाच्या सूक्ष्मजीवाची लागण होऊ शकते. त्यात जखम खूप खाजते आणि आत पिवळट, कडक खडे सापडतात. साध्या अँटिबायोटिकनं ती हटत नाही.

जखम मोठी असेल तर कातडीचं रोपण करता येतं. घोडा उभाच, फक्त गुंगी आणि जागा बधिर करण्याचं औषध. मानेवरून कातडीचे लहान लहान तुकडे घेऊन मांसात पाडलेल्या खाचांत बसवतात. त्यातले काही गळून पडतात, पण जे धरतात त्यांच्यापासून पेशी चारी दिशांनी सरकू लागतात आणि कडेपासून मध्यापर्यंतचे वीस मिलिमीटर एकट्या कडेला चालावे लागत नाहीत.