भीती शमणे वेगळे, भीतीची आठवण पुसली जाणे वेगळे

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर दुचाकीवरून पडलेला माणूस समुपदेशन घेऊन पुन्हा गाडी चालवू लागतो. पण पुढे नोकरीतल्या ओढाताणीच्या दिवसांत त्याच उतारावर त्याच्या छातीत धडधडू लागले, की ‘उपचार वाया गेले’ असा निकाल देऊन आप्तेष्ट मोकळे होतात. हा निकाल साफ चुकीचा आहे, आणि सुशिक्षित माणसांच्या तोंडून तो ऐकण्याचा आता कंटाळा आला आहे.

भीती बसते कशी, हे बहुतेकांना ठाऊक असते: उतार आणि आदळणे यांची सांगड मेंदूतला अमिग्डाला हा भीती हाताळणारा भाग घालतो आणि त्या वेळी स्रवणारी तणावाची संप्रेरके ती पक्की करतात. घोळ होतो तो पुढे. धोका नसताना तोच प्रसंग वारंवार अनुभवल्याने भीती शमते, तेव्हा जुनी आठवण खोडली जात नाही. तिच्याशेजारी ‘इथे आता काही होत नाही’ अशी दुसरी आठवण तयार होते, आणि ऐन वेळी दोहोंपैकी कोणती वरचढ ठरते यावर सारे अवलंबून असते. पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांची घंटेला सुटणारी लाळ, अन्न न देता घंटा वाजवत राहिल्याने थांबे आणि काही काळ गेल्यावर आपोआप परत येई. मुळात पुसली गेली असती, तर ती परत आली नसती. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की ही दुसरी आठवण कामी येते तेव्हा प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या कपाळामागच्या भागाच्या) आतल्या बाजूच्या पेशी सक्रिय होतात.

तणाव आड येतो तो नेमका इथे. ताणात वाढलेल्या नॉरॲड्रेनलिन या रसायनामुळे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे काम ढिले पडते, अमिग्डालाचे मात्र पडत नाही. त्यामुळे नवी आठवण शाबूत असूनही हाताशी येत नाही आणि जुनी बिनविरोध निवडून येते. न्यूयॉर्क विद्यापीठातील २०१४च्या एका अभ्यासात भीती शमवलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला, तेवढ्यानेही शमलेली भीती पुन्हा डोके वर काढू लागली.

पुसण्याच्या जवळ जाणारा प्रयोग वेगळाच आहे: नेडर, शॅफी आणि लेडू यांनी २००० साली उंदरांना भीतीची आठवण करून देऊन लगेच अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध सोडले आणि ती आठवण दुबळी झाली. समुपदेशकाच्या खोलीत असे काही घडत नसते.

क्षणिक आणि दीर्घ तणावातला फरक त्या मानाने सोपा आहे. दीर्घ तणाव पेशींची रचनाच बदलतो. बंगळूरच्या सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाला २००२ साली दीर्घ तणावाखालच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे प्रसंग आणि जागा लक्षात ठेवणाऱ्या भागात, पेशींच्या फांद्या आखडलेल्या, तर अमिग्डालात पसरलेल्या आढळल्या.

नवी आठवण जागेलाही बांधलेली असते. म्हणूनच रविवारी सकाळी कोथरूडच्या मोकळ्या गल्लीत केलेला सराव पुरेसा मानणे मला पटत नाही. समुपदेशकाच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने का होईना, सराव त्या उतारापर्यंत न्यायलाच हवा.