साठी बुद्धी नाठी? आधी कान तपासा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्याआड डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याचा विकार, लपतो हे ध्यानातच येत नाही. डिमेन्शिया म्हणजे म्हातारपण नव्हे. मेंदूच्या पेशी खराब करणाऱ्या वेगवेगळ्या आजारांमुळे तो होतो; अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा. जगात साडेपाच कोटींहून अधिक माणसांना डिमेन्शिया आहे. वय झालं म्हणून सोडून दिलं की निदान होत नाही, आणि निदान नसलेला माणूस सरकारी हिशेबात येतच नाही.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे १४ जोखीम घटक दिलेत. ते सगळे काढून टाकता आले, तर डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, प्रदूषित हवा, अपुरं शिक्षण ही नावं अपेक्षितच. पण त्याच यादीत बहिरेपणही आहे, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते आणि तिच्यात हजारो केशपेशी. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आणि झीज बहुधा तिथूनच सुरू होते. स्वर खालच्या पट्टीत, तर ‘स’, ‘त’, ‘क’ यांची ओळख पटवणारा आवाज वरच्या पट्टीत. म्हणून ‘ताप आलाय’ आणि ‘साप आलाय’ यांतला ‘आप आलाय’ तेवढा नीट पोचतो. घरचे ओरडून सांगतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी नाही. उरलेला शब्द मेंदू अंदाजाने भरतो आणि त्यात खर्ची पडते ती कार्यकारी स्मृती, ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणारी जागा. ती अंदाज बांधण्यात गुंतली की ऐकलेलं साठवायला उसंत कुठली? पुढे माणूस गप्पांतून अंग काढून घेतो, आणि हा एकटेपणाही त्याच १४ घटकांत आहे.

श्रवणयंत्र म्हणजे जादू नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह या चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. काहींना श्रवणयंत्रं दिली, काहींना नाही. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून विचार केला, तर दोन्हींत बौद्धिक घसरणीचा फरक दिसला नाही. मुळात जोखीम जास्त असलेल्या गटात मात्र श्रवणयंत्रं मिळालेल्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. उलट, स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या ब आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या यासाठी घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय. आणि विसरणाऱ्या माणसाला करणी-बाधा झाली म्हणून अंगारे लावणं हा तर निव्वळ छळ आहे.

स्मृतिचाचणीत तीन शब्द ऐकवतात आणि थोड्या वेळाने विचारतात. जे ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? म्हणून आधी कानांची तपासणी, मग स्मृतीची, हा क्रम प्रत्येक आरोग्य केंद्रात सक्तीचा हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या जागतिक कृती आराखड्याने २०२५ पर्यंत तीन चतुर्थांश देशांनी डिमेन्शियाचं धोरण करावं असं ठरवलं. २०२१ मध्ये ते जेमतेम एक चतुर्थांश देशांकडे होतं. आता मुदत २०३१ पर्यंत वाढली आहे. दरम्यान घरच्या शुश्रूषेचे सुमारे ७० टक्के तास बायका विनामोबदला देताहेत. त्यांना भत्ता आणि अधूनमधून विसावा मिळायलाच हवा. धोरण ठरवणाऱ्या बैठकीत त्या हव्यात, डिमेन्शिया असलेली माणसंही हवीत. आणि तिथे एका वेळी एकानेच, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलावं.