चॅसीत लपलेलं मीठ

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. मिशिगनमध्ये हिवाळा लागला की बर्फ वितळवायला रस्त्यांवर खडेमिठाचा मारा सुरू होतो आणि चाकांनी उडवलेलं ते खारं पाणी गाड्यांच्या तळाशी जाऊन बसतं. चिखलवाटा तुडवणाऱ्या फोर बाय फोरला, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीला, याचा ताप सगळ्यात जास्त. तिच्या चॅसीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोकळ्यांत आणि मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत माती आधीच दडपून बसलेली असते. ती खारं पाणी शोषून घेते आणि ओल्या पोटिसासारखी पत्र्याला चिकटून राहते.

शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठतं, पण त्यात २३ टक्के मीठ मुरलं तर ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत पातळ राहतं. रस्ता मोकळा राहतो तो यामुळेच आणि गंज चढत राहतो तोही यामुळेच. लोखंडाचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो, शेजारच्या भागावर पाणी आणि ऑक्सिजन ते उचलतात. मधल्या पाण्यात मीठ असलं की ही देवाणघेवाण झपाट्यानं होते. रत्नागिरी-मालवणकडे खिडक्यांचे गज खाणारं क्लोराइड ते हेच.

काही ठिकाणी रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडही फवारतात. त्याचा मला जास्त धसका वाटतो, कारण हवेत जेमतेम ३३ टक्के आर्द्रता असली तरी ते ओल खेचून घेतं. गाडी कोरडी दिसते, पण तिच्यावरचा थर ओलाच असतो.

म्हणूनच मिठानं माखलेली गाडी तशीच उबदार गॅरेजात लावू नये. बाहेरच्या कडाक्यात गंजाची क्रिया मंदावते. आत बर्फ वितळतो, मिठाचं पाणी होतं आणि ऊब मिळताच गंजाला जोर चढतो. आधी धुवा, मगच आत घ्या.

धुण्यासाठी पारा शून्याच्या वर असलेली दुपार निवडा. सुरुवात खालून करा. बॉनेटची चकाकी नंतरही येईल. चॅसीच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात. त्यांत तार फिरवली की आधी राखाडी गाळ पडतो, मग मातीचे गोळे सुटतात. खालून नितळ पाणी येईपर्यंत फवारा चालू ठेवा. बेअरिंगच्या सीलवर आणि रेडिएटरच्या नाजूक पात्यांवर मात्र फवारा जवळून मारू नका.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे कुलपात किंवा दाराच्या फटीत राहिलेला थेंबही त्रास देतो. दारांची रबरं फडक्यानं कोरडी करून त्यांना सिलिकॉनचा हात द्या, नाहीतर सकाळी दार ओढताना रबर फाटून हातात येतं. मग गाडी थोडी फिरवून, हलके ब्रेक मारत ड्रम आणि डिस्क सुकवा. त्या रात्री सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर ठेवा, चाकांना अडण लावा. हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक-शू ड्रमला गोठून चिकटतात.

गंजरोधक मेण किंवा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या चिकट मेणाचा, थर द्यायचा तो हिवाळ्याआधी, धुतलेल्या आणि पूर्ण सुकलेल्या पत्र्यावर. ओल्या गंजावर घट्ट रबरी थर चढवलेला मी पाहिला आहे. वरून काळाभोर, अखंड दिसत होता. पेचकसाचं टोक लावलं तर सरळ आत गेलं.