अर्धांगवायूनंतर हात ‘आला’ की नाही, हे कसं मोजतात?

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माणूस आपल्या हाताने जेवू लागला, कुणाचा आधार न घेता संडासला जाऊ लागला की घरात सुटकेचा निःश्वास पडतो. बार्थेल निर्देशांक हेच मोजतो. १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा रोजच्या गोष्टींना गुण देतात. बेरीज १०० पर्यंत जाते. मात्र उजवा हात लुळाच राहिला आणि माणूस सगळं डाव्या हाताने करायला शिकला, तरी १०० पैकी १०० मिळू शकतात. परावलंबन संपलं, हात मात्र आला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नातेवाइकांना हा फरक कुणीतरी समजावून सांगायलाच हवा असं मला वाटतं.

हात मोजायचा तर फुगल-मायर चाचणी. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आक्सेल फुगल-मायर आणि सहकाऱ्यांनी ती १९७५ साली मांडली. हालचाल जमलीच नाही तर ०, अर्धवट जमली तर १, पूर्ण जमली तर २; हाताला एकूण ६६ गुण, पायाला ३४. महागडं यंत्र लागत नाही, लागते ती फिजिओथेरपिस्टची सरावलेली नजर.

ती नजर काय शोधते? झटक्यानंतर सुरुवातीला खांदा उचलायला गेलं की कोपर आपोआप वाकतं, मूठ आवळली जाते. सगळे स्नायू एकाच गठ्ठ्याने ओढले जातात. सुधारणा होते तसा हा गठ्ठा सुटतो: कोपर सरळ ठेवून हात वर जातो, मनगट एकटं हलतं. गुण मिळतात ते या सुटेपणाला. तरी ६६ पैकी ६६ मिळवलेला माणूसही शर्टाची बटणं पूर्वीपेक्षा सावकाश लावत असू शकतो, कारण सफाई आणि वेग या चाचणीत फारसे पकडले जात नाहीत.

बहुतेक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, त्यामुळे मोजणी लवकर सुरू व्हायला हवी. नेदरलँड्समधल्या २०१० सालच्या अभ्यासात, ७२ तासांच्या आत ज्यांना बोटं थोडी तरी सरळ करता आली आणि हात खांद्यातून बाजूला नेता आला, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी थोडंफार कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांसाठी ती २५ टक्के होती. म्हणजे चौघांतला एक. तिसऱ्या दिवशी बोट हललं नाही म्हणून त्या हाताचा व्यायाम कुणी सोडू नये.