एर्गोनॉमिक कार्यालयीन खुर्ची : रचना आणि पेटंट

बैठकीची उंची व खोली, पाठीचा कल, कमरेचा आधार आणि हात हे बसणाऱ्याच्या शरीराप्रमाणे जुळवता यावेत अशा बेताने घडवलेली फिरती खुर्ची. अशा खुर्चीवरचे हक्क कायद्याने दोन ठिकाणी विभागले आहेत. यंत्रणेला पेटंट मिळते, रूपाला डिझाइन नोंदणी. शरीराची मापे मात्र कोणाच्याच मालकीची होत नाहीत.

मुंबईच्या कचेऱ्यांत खुर्ची पूर्वी हुद्दा सांगत असे. साहेबाच्या खुर्चीची पाठ उंच आणि तिच्यावर टॉवेल. कारकुनाला वेताची किंवा गोदरेजची पोलादी. पाठीच्या कण्याचा विचार करून घडवलेल्या खुर्च्या 1970 च्या दशकात ठळकपणे पुढे आल्या. अमेरिकेत बिल स्टम्फ यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी केलेली ‘अर्गॉन’ 1976 मध्ये बाजारात आली. त्यांनी डॉन चॅडविक यांच्यासह घडवलेल्या ‘एरॉन’ने 1994 मध्ये फोम काढून टाकून ताणलेली जाळी आणली आणि एकच खुर्ची तीन आकारांत विकायला ठेवली. दमट हवेत अशा जाळीचे मोल वेगळे सांगायला नको. पण पाठीमागे हवा खेळती ठेवण्याची कल्पना वेताच्या विणीत जुनीच असल्याने तेवढ्यावर कोणालाही पेटंट मागता येत नाही. मागता येते ते जाळीच्या विशिष्ट धाग्यावर किंवा ती चौकटीत ताणून बसवण्याच्या रीतीवर.

पेटंटचे खरे रणांगण बैठकीच्या खालच्या पेटीत असते. माणूस मागे रेलला की पाठ आणि बैठक एकाच कोनात कलून चालत नाही. पाय जमिनीवरून उचलले जातात. म्हणून सिंक्रो-टिल्ट यंत्रणेत बैठक एक अंश कलते तेव्हा पाठ साधारण दोन अंश कलते. कलण्याची धुरी माणसाच्या कमरेच्या सांध्याशी जुळली नाही, तर रेलताना पाठ अंगावरून घसरते आणि शर्ट पँटमधून वर ओढला जातो. स्प्रिंगचा ताण बसणाऱ्याच्या वजनावरून आपोआप ठरावा यासाठीही अनेक पेटंटे आहेत. उंचीसाठी दाबलेल्या नायट्रोजनची गॅसलिफ्ट, म्हणजे वर-खाली सरकणारी नळी, वापरतात. पायथ्याला चारऐवजी पाच पाय आले ते खुर्ची कलंडू नये म्हणून. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात हे सारे ‘ए47सी’ या खुर्च्यांच्या वर्गात मोडते.

महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा, छत्तीसगड या भागांतील अर्जदारांसाठी पेटंट कार्यालयाची मुंबई शाखा अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट मिळाल्यास मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे. पेटंट कायदा, 1970 चे कलम 3(एफ) खुर्चीवाल्यांनी पाठच करून ठेवावे. आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या, तर तो शोध ठरत नाही. साध्या खुर्चीला डोके टेकायची उशी आणि मोबाइलचा खाचा जोडून पेटंट मागणाऱ्याची वाट इथेच अडते.

रूपाची नोंदणी डिझाइन कायदा, 2000 खाली होते. अर्ज मुंबईत देता येतो, पण डिझाइन शाखा कोलकात्यात आहे. संरक्षण 10 वर्षांचे, वाढवून 15. डोळ्यांना दिसणारे रूप तेवढे धरले जाते. केवळ यांत्रिक भाग वगळला जातो. दोन्ही अर्जांना एक धोका सारखाच आहे, अर्जाआधीच वस्तू लोकांसमोर आणण्याचा. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना काही अटींवर सवलत आहे; एरवी गोरेगावच्या प्रदर्शनात आधी स्टॉल लावून मग अर्ज केला, तर नावीन्य संपलेले असते.

मापांचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तोच इथे सर्वांत जास्त जाणवतो. बाजारातील बऱ्याच खुर्च्यांची बैठक सुमारे 42 सेंटिमीटरखाली उतरत नाही. ठेंगण्या बांध्याच्या माणसाचे पाय लोंबकळतात, मांडीखाली कड रुतते. चप्पल काढून बसले की पायांची उंची आणखी अपुरी पडते. मग टेबलाखाली कागदाच्या रिमांचे खोके येते. खुर्चीवर मांडी घालून बसणारे तर कित्येक, आणि त्यांना घट्ट बसवलेले हात नडतात. मागे-पुढे सरकणारी बैठक आणि बाहेर वळणारे हात या सोयी इथे किमतीच्या यादीत वरच्या मॉडेलसाठी राखून ठेवल्या जातात, हे उफराटे आहे.

नक्कल झाल्यास दावा मुंबई उच्च न्यायालयाच्या वाणिज्य विभागात जाऊ शकतो. नोंदणी न केलेल्याची बाजू लंगडी असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 15(2) नुसार, नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नसेल आणि त्याच्या वस्तू 50 हून अधिक वेळा बनवल्या गेल्या असतील, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. खुर्चीच्या कारखान्यात 50 नग म्हणजे पहिलीच खेप. रूप कुठे संपते आणि उपयोग कुठे सुरू होतो, हा वाद परदेशातही मिटलेला नाही. ‘एरॉन’चे रूप केवळ उपयुक्ततेतून आलेले, म्हणून असंरक्षित, असा अमेरिकन ज्यूरीचा निर्णय 2020 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला आणि फेरसुनावणीचा मार्ग मोकळा केला.