शाब्दिक उदाहरण आलं की पेन का थांबतं?

शिकवणी सुरू करायच्या आधी हे एवढं पान वाचून घ्या, कारण जवळपास प्रत्येक पालक पहिल्या भेटीत हेच विचारतात की मुलाला गुणाकार-भागाकार सगळं येतं, मग शाब्दिक उदाहरणातच का अडतं. आमचं म्हणणं असं की हिशोब सहसा चुकत नाही, वाचन चुकतं.

हे बघा, वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट आहे, 12 वर्षांनी ते दुप्पट असेल, तर आजची वयं काढा. मुलं लगेच ‘क्ष मानू’ लिहून पुढे पळतात. अरे पण क्ष म्हणजे कोण, मुलगा का वडील, आजचं वय का नंतरचं? आम्ही पूर्ण वाक्य लिहायला लावतो, ‘मुलाचं आजचं वय क्ष वर्षं’, कितीही कंटाळा आला तरी. मग वडील 3क्ष. 12 वर्षांनी मुलगा क्ष + 12 आणि वडील 3क्ष + 12, इथे बरेच जण 12 एकाच्याच वयात मिळवतात, जणू दुसऱ्याचे वाढदिवस बंद झालेत :) आता 3क्ष + 12 = 2(क्ष + 12), म्हणून क्ष = 12, वडील 36. ताळा मात्र समीकरणात नाही, मूळ वाक्यात करायचा. 12 वर्षांनी 24 आणि 48, दुप्पट, जमलं. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यात टाकलेलं उत्तर जुळणारच ना!

शब्द पण फसवतात. ‘क्षपेक्षा 5 ने कमी’ म्हणजे क्ष − 5, ‘5 मधून क्ष वजा’ म्हणजे 5 − क्ष. ‘एका शिक्षकामागे 6 विद्यार्थी’ वाचून मोठी माणसंसुद्धा श = 6व लिहून मोकळी होतात (श म्हणजे शिक्षकांची संख्या, व म्हणजे विद्यार्थ्यांची). 10 शिक्षक धरून बघा, विद्यार्थी 60, म्हणजे व = 6श. आणि ‘तीन पटींनी जास्त’ म्हणजे 3क्ष का 4क्ष यावर आमच्यातच एकमत नाही, त्यामुळे आम्ही उदाहरणात सरळ ‘तिप्पट’ लिहितो.

टक्केवारीत 20 टक्के वाढवून 20 टक्के कमी केलं की 100 चे 96 होतात, कारण दुसरे 20 टक्के 120 चे असतात. वेगाचं पण तसंच, जाताना ताशी 60 किमी आणि त्याच रस्त्याने येताना 40, तर सरासरी 50 नाही, 48. अंतर 120 किमी धरा, 2 तास आणि 3 तास, एकूण 240 किमी 5 तासांत.

बीजगणित अजून झालं नसेल तरी अडत नाही. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसवर उदाहरण आहे, एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून 19. अंदाजाने 7 धरा, 7 + 1 = 8 आले, हवेत 19, म्हणून 7 ला 19/8 ने गुणा, उत्तर 16 पूर्णांक 5/8. भास्कराचार्य यालाच इष्टकर्म म्हणतात. फक्त वरच्या वयाच्या उदाहरणासारखी वेगळी संख्या मिळवायची असेल तर ही युक्ती अशी सरळ चालत नाही, तिथे क्षच बरा.

पहिल्या दिवशी येताना मुलाने स्वतः चुकवलेली दोन-तीन उदाहरणं आणा, खाडाखोड असेल तशीच, फेअर करून आणू नका प्लीज.