चुकीच्या माइकात वाजवलेला सोलो

७ जुलै १९५६, शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या टीचभर राज्यातलं न्यूपोर्ट हे समुद्रकाठचं गाव, तिथल्या फ्रीबॉडी पार्कमध्ये जॅझ फेस्टिवल चाललाय, बारा वाजत आलेत आणि लोक खुर्च्या सोडून गाड्यांकडे निघायला लागलेत. स्टेजवर ड्यूक एलिंग्टन या जॅझ पियानोवादक-संगीतकाराचा बँड. एलिंग्टन तेव्हा ५७ वर्षांचा, याचा जमाना संपला असं बरेच जण उघड म्हणत होते, आणि त्या रात्री बँडची सुरुवातही धड झाली नव्हती. साडेआठला आले तर काही वादक गायब, थोडंसं वाजवून उतरले आणि मग बाकीच्यांचे कार्यक्रम होईपर्यंत तीनेक तास ताटकळत बसले.

मग एलिंग्टनने १९३७ सालचं एक जुनं काम काढलं, ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’. याचे दोन भाग, आणि मधल्या जागेत टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्सालविसने एकट्याने, म्हणजे सोलो, हवं तितकं वाजवायचं. (नाव वाचून वसईचा किंवा मडगावचा वाटतो ना? त्याच्या घरचे मूळ केप व्हर्देचे, तिथेही पोर्तुगीजच होते, त्यामुळे आडनाव एकाच घाटाचं. आणि १९६३ ला हा बँड भारतात आला तेव्हा मुंबईतही वाजवून गेला.) तर गोन्सालविस सुरू झाला आणि थांबेचना. ब्लूजचं एक आवर्तन १२ बारचं, एका बारमध्ये ४ ठोके, त्याने अशी २७ आवर्तनं घेतली, म्हणजे १२९६ ठोके, मिनिटाला साधारण दोनशेच्या लयीत, सहा मिनिटांच्या वर. पुढच्या बॉक्समधली काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली, तिला बघून बाकीचे उठले, निघालेले लोक परत फिरले, आणि स्टेजच्या खाली बसलेला जो जोन्स हा जुना जाणता ड्रमर हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी आपटून बँडला ताल देत होता.

त्याच साली ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही एलपी आली, एलिंग्टनच्या आयुष्यातली सगळ्यात जास्त खपलेली. ऑगस्टमध्ये टाइम मासिकाच्या कव्हरवर त्याचा चेहरा झळकला. माझा जन्म १९५६ ला न्यूपोर्टला झाला, असं तो पुढे सांगायचा.

आता गंमत अशी की ती एलपी ऐकली तर ज्या सोलोने ही सगळी धमाल केली तो सोलोच नीट ऐकू येत नाही. ड्रम ठणठणीत, बेस व्यवस्थित, लोकांचा आरडाओरडा फुल, आणि गोन्सालविस जणू शेजारच्या खोलीत दार लावून वाजवतोय. कारण स्टेजवर पुढे दोन माइक होते, एक कोलंबिया रेकॉर्ड कंपनीचा आणि दुसरा व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओचा, जो शीतयुद्धाच्या त्या दिवसांत जगभर शॉर्टवेव्हवर जॅझ ऐकवायचा. गोन्सालविस रेडिओच्या माइकात वाजवत राहिला. बस्स. एवढंच झालं.

पण माझा पहिला प्रश्न हा होता की फूट-दीड फुटाने एवढा काय फरक पडतो? बाकी बँड तर त्याच माइकात छान आलाय. इथे थोडं गणित करायला लागतं, सोपं आहे. आवाज उगमापासून चारी बाजूंना पसरत जातो, अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाई होते, म्हणजे ६ डेसिबलने उतरते. समजा सॅक्स एका माइकापासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि दुसऱ्यापासून ६० वर (नेमकी अंतरं नाहीत ही, उदाहरण म्हणून घेतलीत), तर अंतर चौपट, तीव्रता सोळावा हिस्सा, १२ डेसिबलची घट. आणि मागे ३ मीटरवर बसलेला ड्रमर? त्याच्यासाठी एक माइक ३ मीटरवर, दुसरा फार तर ३.४५ वर, फरक जेमतेम १ डेसिबल. म्हणजे त्याच ४५ सेंटिमीटरने जवळच्या वादकाचा पार निकाल लावला आणि लांबच्याला धक्काही लागला नाही. घरी करून बघा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तोंडाजवळ धरून बोला आणि बोलता बोलता हात लांब करा, मागच्या पंख्याची घरघर तेवढीच राहते आणि तुमचा आवाज मात्र खोल जातो.

शिवाय सॅक्सोफोन हे या बाबतीत अवघड वाद्य. लोकांना वाटतं आवाज पुढच्या भोंग्यातून येतो, पण तसं पूर्ण खरं नाही, खालचा सूर लावला की जवळजवळ सगळी भोकं बंद असतात तेव्हा आवाज भोंग्यातून येतो, वरचे सूर मात्र नळीवर जे पहिलं उघडं भोक असेल तिथून आणि त्याच्या खालच्या उघड्या भोकांतून बाहेर पडतात. आणि आवाजातली धार, ती खरखर, म्हणजे उंच कंप्रता, ती भोंग्याच्या तोंडासमोर सरळ रेषेत जास्त जाते, बाजूला कमी. म्हणून कोलंबियाच्या टेपवर गोन्सालविस नुसता बारीक झाला नाही, बोथटही झाला. नंतर व्हॉल्यूम वाढवून हे सुधारत नाही, कारण व्हॉल्यूम वाढवला की ड्रमही वाढतो. तेव्हा आजच्यासारखं प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक नव्हता, तिथल्या तिथे सगळं मिसळून मोनो, म्हणजे डावं-उजवं नसलेल्या एकाच ट्रॅकच्या टेपवर, आणि दुधात पडलेली साखर वेगळी काढता येत नाही.

मग कंपनीने काय केलं, तर सोमवारी, ९ जुलैला, बँडला स्टुडिओत बोलावलं. या फेस्टिवलसाठी एलिंग्टन आणि त्याचा जोडीदार संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी खास एक नवीन स्वीट (अनेक भागांची एक रचना) लिहिला होता, त्याची तालीम पुरेशी झाली नव्हती, स्टेजवर थोडा गडबडला होता, तो परत वाजवून घेतला आणि वर टाळ्या चिकटवल्या. निर्माता होता जॉर्ज अवाकियन. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या लाइव्ह अल्बमपैकी एकाचा बराच भाग चक्क बंद खोलीतला. मला यात फसवणूक म्हणून राग येत नाही, तेव्हाची अडचण समजते, पण कान मात्र कुरकुरतो. उघड्या मैदानात आवाज गेला की गेला, परत यायला भिंतच नसते. स्टुडिओत मात्र प्रत्येक सुराला खोलीची एक छोटीशी शेपूट असते, छत-भिंतीवरून परत आलेली. मैदानातल्या टाळ्या खोलीतल्या सॅक्सवर ठेवल्या की दोन वेगवेगळ्या जागा एकावर एक येतात, आणि मेंदू जागेच्या बाबतीत फार चोखंदळ असतो, काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

हे असंच चाळीस वर्षं चाललं. मग १९९० च्या दशकात व्हॉइस ऑफ अमेरिकाची ती टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, ज्यात गोन्सालविस अगदी तोंडासमोर वाजवतोय. जॅझचा चालताबोलता कोश असलेला फिल शाप या कामाला लागला आणि १९९९ ला, एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पूर्ण मैफिलीची दोन सीडींची आवृत्ती निघाली. पण त्याने रेडिओची टेप नुसती जुन्या टेपच्या जागी लावली नाही, दोन्ही एकत्र चालवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. स्टिरिओ एलपी बाजारात यायच्या आधीच्या मैफिलीचं स्टिरिओ रेकॉर्डिंग! दोन मोनो माइक, दोन वेगळ्या संस्थांचे, एकमेकांचा पत्ता नसलेले, आणि मिळून दोन कान झाले.

वाचायला सोपं वाटतं, करायला भयंकर आहे. दोन टेप मशीन कधीच अगदी एका वेगाने चालत नाहीत. मोटर, रबरी चाकाची पकड, वीज, टेपची रिळावरची ओढ, आणि त्या काळची ॲसिटेटची टेप असेल तर ती हवेतला दमटपणा शोषून फुगते-आक्रसते. समजा वेगात फक्त ०.१ टक्का फरक आहे, तर चौदा मिनिटांच्या तुकड्यात शेवटी दोन टेपमध्ये पाऊण सेकंदाहून जास्त अंतर पडतं, या लयीत जवळजवळ तीन ठोके. म्हणजे गाणं संपता संपता डाव्या कानातला ड्रमर उजव्या कानातल्या ड्रमरच्या तीन ठोके पुढे, नुसता गोंधळ.

आणि पाऊण सेकंद सोडा, खरं भांडण मिलिसेकंदाशी आहे. आवाज कुठून आला हे आपण ओळखतो ते बऱ्याच अंशी दोन कानांत तो किती फरकाने पोहोचला यावरून, आणि आपल्या डोक्याची रुंदी बघता हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. तेवढ्यात अख्खी डावी बाजू ते उजवी बाजू आली. म्हणजे टेप इकडची तिकडे अर्धा मिलिसेकंद सरकली तर हेडफोनवर वादक स्टेजवर चालत गेल्यासारखा वाटतो. स्टुडिओतली टेप तेव्हा सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर धावायची. या वेगाने एक मिलिसेकंद म्हणजे टेपची ०.३८ मिलिमीटर लांबी, आणि त्याचा दहावा भाग केसाच्या जाडीहूनही कमी.

आता मला सगळ्यात आवडलेली भानगड. समजा वेग जुळवला, सरकणं थांबवलं, तरी दोन टेप ‘बरोबर’ जुळवायच्या म्हणजे नक्की कशावर? आवाज १ मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो. सॅक्स रेडिओच्या माइकाजवळ, तो तिथे आधी पोहोचतो, कोलंबियाच्या माइकात नंतर. एखादं वाद्य दुसऱ्या बाजूला असेल तर त्याचं उलटं. म्हणजे सॅक्सवर जुळवलं तर ड्रम जुळत नाही, ड्रमवर जुळवलं तर सॅक्स मागेपुढे. सगळ्यांना एकाच वेळी बरोबर ठरवणारी जुळणी अस्तित्वातच नाही. आणि हे जे न जुळणं आहे ना, तेच आपल्याला स्टेजची रुंदी म्हणून ऐकू येतं. पूर्ण जुळलं असतं तर परत मोनोच झालं असतं.

हेच दोन आवाज डावे-उजवे न ठेवता एकात मिसळले तर काय होतं तेही ऐकण्यासारखं आहे. दोन फोन घ्या, दोन्हीवर एकच गाणं लावा, शक्य तितकं एकाच क्षणी प्ले दाबा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. नशीब असेल आणि फरक काही मिलिसेकंदांचाच पडला तर गाणं पत्र्याच्या नळीतून आल्यासारखं पोकळ होतं, कधी वर विमान गेल्यासारखी सूंsss अशी सरकती लाट येते. एका मिलिसेकंदाचा फरक असेल तर ५०० हर्ट्झ, १५००, २५०० असे ठराविक सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आवाजाच्या पट्टीला कंगव्यासारख्या फटी पडतात. फरक सरकत राहिला की फटीही सरकतात, आणि ती विमानाची लाट तीच.

मी ही १९९९ ची आवृत्ती इयरफोनवर ऐकतो तेव्हा सोलोच्या मध्ये एकदा तरी एक इयरफोन काढतो, मग तो परत घालून दुसरा काढतो. एका बाजूला गोन्सालविस जवळ, श्वास घ्यायची जागासुद्धा कळते, दुसऱ्या बाजूला तो मागे सरकलेला. दोन्ही घातले की मध्ये कुठेतरी स्टेज उघडतं. लोकांचा आवाज आवर्तनागणिक चढत जातो तो तर शहारे आणणारा. गर्दी दहापट झाली की आवाज साधारण १० डेसिबल वाढतो, पण इथे माणसं वाढत नाहीत, तीच माणसं आहेत, फक्त बसलेली उठतायत आणि उठलेली ओरडतायत, आणि बँडमधले लोक आपसात हाळ्या देतायत त्याही येतात.

जो जोन्सचं वर्तमानपत्र शोधायचा मी तीनचार वेळा प्रयत्न केलाय. स्टेजच्या खाली, दोन्ही माइकांपासून लांब, वर बँडचा ड्रमर सॅम वुडयार्डचा ड्रमसेट, त्यात कागदाच्या गुंडाळीचा काय टिकाव लागणार. सोळाव्या-सतराव्या आवर्तनाच्या आसपास एकदा वाटलं की हे तेच, पण परत मागे घेऊन ऐकलं तर टाळी होती.